दारापर्यंत सगळे, पुढे तुम्ही दोघंच

पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत अजून टिकून आहे. नवरा बंगळुरूला, दुबईला किंवा लंडनला असतो. मुलगी दिवस भरत आले की मुंबईत लालबागला, गिरगावात, दादरला आईकडे येते. परळच्या वाडिया इस्पितळात किंवा जवळच्या एखाद्या नर्सिंग होममध्ये बाळ होतं, बारसं होतं, तीन-चार महिने मालिश, शेक आणि डिंकाचे लाडू चालतात. मग परत जायची वेळ येते. नवऱ्याला रजा मिळत नाही, आईचे गुडघे साथ देत नाहीत किंवा तिच्याकडे व्हिसा नसतो, आणि बाळाला घेऊन एकटीनंच विमानानं जायचं ठरतं. हा लेख त्या मुलीसाठी आहे. तिच्या आईनंही तो वाचावा, कारण निम्मी तयारी तिच्याच हातून होणार असते.

सगळ्यांना भीती वाटते ती विमानात बाळ रडेल याची. खरी कसोटी त्याआधी असते. विमानतळाच्या दारावर सीआयएसएफचा जवान तिकीट आणि ओळखपत्र बघतो आणि फक्त प्रवाशाला आत सोडतो. तिथपर्यंत बाळाला घ्यायला आजी असते, आजोबा असतात, मामा बॅगा ओढत असतो. दाराच्या आत तुमचे दोनच हात उरतात आणि त्यातला एक कायम बाळाचा. तिथून खुर्चीवर जाऊन बसेपर्यंतचा सगळा वेळ या एका उरलेल्या हातावर काढायचा असतो. म्हणून तयारी करताना प्रत्येक वस्तूला आणि प्रत्येक बेताला एकच प्रश्न विचारा, हे एका हातानं जमेल का?

आमच्या आज्या तान्ही पोरं घेऊन भाऊच्या धक्क्यावरून बोटीनं रत्नागिरी-मालवणला जात, असं घरोघरी ऐकवलं जातं आणि ते खरंही आहे. पण त्या बोटीत निम्मा गाव सोबत असे. पोर कुणाच्या ना कुणाच्या मांडीवर असायचंच. त्यांच्या धीटपणाशी स्वतःची तुलना करून उगीच कानकोंडं होऊ नका.

कधी निघायचं

काही विमान कंपन्या अगदी थोड्या दिवसांच्या बाळालाही नेतात, पण नियमात बसतं म्हणून निघायचं असं नाही. पूर्ण दिवसांचं, निरोगी बाळ दोन-तीन महिन्यांचं झालं की बहुतेक बालरोगतज्ज्ञ हरकत घेत नाहीत. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल, जन्मल्यावर काचेच्या पेटीत राहिलेलं असेल, हृदयाचा किंवा फुप्फुसांचा काही त्रास असेल तर तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना विचारा. उडत्या विमानातली हवा साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या हवेइतकी विरळ असते. धडधाकट बाळाला ते जाणवत नाही, नाजूक फुप्फुसांना जाणवू शकतं.

लसींच्या तारखा समोर ठेवून दिवस ठरवा. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लसींनंतर एक-दोन दिवस ताप आणि किरकिर असते. लस आज आणि विमान उद्या, असं करू नका, मध्ये तीन-चार दिवस जाऊ द्या. चौदा आठवड्यांची लस माहेरीच उरकून निघालात तर नव्या गावी पोचल्या पोचल्या दवाखाना शोधावा लागत नाही. सरकारी वेळापत्रकात त्यानंतर नऊ महिन्यांपर्यंत मोठी लस नसते, तेवढी उसंत मिळते.

तुमचाही विचार करा. सिझेरियन झालं असेल तर पहिले सहा आठवडे जड उचलायचं नसतं, आणि एकटीच्या प्रवासात जड उचलणं चुकत नाही. त्यानंतरही टाके ओढत असतील तर तिकीट काढतानाच विमान कंपनीकडे मदत मागून ठेवा. व्हीलचेअर मागायला लाज कशाची? पोट फाडून शस्त्रक्रिया झालेली असते, आणि गरज असलेल्यालाच ती मिळावी म्हणून तर व्यवस्था आहे.

वेळ शक्यतो सकाळची घ्या. बाळ ताजंतवानं असतं, रस्ता मोकळा असतो, आणि दिवसभर साचत जाणारा उशीर सकाळच्या विमानांना कमी सोसावा लागतो. परदेशी जायचं असेल आणि थेट विमान असेल तर थोडे पैसे जास्त गेले तरी पहिल्या खेपेला तेच घ्या. मध्ये विमान बदलायचंच असेल तर तीन-चार तासांचं अंतर ठेवा. दीड तासाचं जोडविमान धावत पकडणं एकट्या माणसाचं काम आहे, कडेवर बाळ असलेल्या बाईचं नव्हे.

कागद

दोन वर्षांखालच्या बाळाला वेगळी खुर्ची लागत नाही, ते आईच्या मांडीवर जातं. पण तिकिटात त्याचं नाव घालावंच लागतं आणि त्याचे थोडे पैसेही पडतात. एका मोठ्या माणसामागे मांडीवर एकच बाळ चालतं. जुळी असतील तर एकटीनं जायचा बेत तिथेच थांबतो, निदान दुसऱ्यासाठी खुर्ची घ्यावी लागते आणि कंपनीशी आधी बोलावं लागतं.

देशातल्या देशात जायचं तर बाळाच्या वयाचा पुरावा जवळ हवा. जन्मदाखला सगळ्यात भरवशाचा. तो घर जिथे आहे त्या महापालिकेच्या वॉर्डातून मिळत नाही, बाळ ज्या इस्पितळात झालं त्या वॉर्डातून मिळतो, आणि इथेच बऱ्याच आजोबांची फेरी फुकट जाते. राहायला गिरगावात आणि बाळंतपण परळच्या केईएममध्ये किंवा वाडियात, तर नोंद एफ दक्षिण वॉर्डात. दादर पश्चिमेला झालं असेल तर जी उत्तर. गिरगावचा बराचसा भाग डी वॉर्डात येतो. नोंदणी एकवीस दिवसांत व्हावी असा कायदा आहे आणि इस्पितळ ती कळवतं, पण तेव्हा बाळाला नाव नसतं. बारसं झालं की नाव घालून घ्यायचं काम मागे पडतं. वर्षाच्या आत ते बिनपैशांत होतं, म्हणून कुणीच घाई करत नाही, आणि तिकीट काढायच्या दिवशी सगळ्यांची धावपळ उडते. बारशाच्या दुसऱ्या दिवशी आजोबांना या कामाला लावा. त्यांनाही घराबाहेर पडायला निमित्त हवंच असतं.

परदेशी जायचं तर बाळाचा स्वतःचा पासपोर्ट आणि स्वतःचा व्हिसा लागतो. १ ऑक्टोबर २०२३ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखला चालतो, म्हणजे वरचं नावाचं काम आधी व्हायला हवं. या भागातल्या लोकांना लोअर परळचं पासपोर्ट सेवा केंद्र सोयीचं पडतं. अर्जासोबत आईवडील दोघांच्या सहीचं संमतीपत्र लागतं. वडील परदेशात असतील तर त्यांच्या कागदावर तिथल्या भारतीय वकिलातीची साक्षांकनाची सही लागू शकते. हे अपॉइंटमेंट घेण्याआधी विचारून ठेवा, कारण अख्खा महिना खाणारं काम हेच.

चार वर्षांखालच्या मुलांचा फोटो केंद्रात काढत नाहीत, घरून न्यावा लागतो. मागे पांढरं, डोळे उघडे, तोंड समोर. बाळाला पांढऱ्या चादरीवर उताणं ठेवा आणि फोटोवाल्याला वरून काढायला सांगा. धरणाऱ्या आजीचा हात फोटोत येता कामा नये. गालावरची तीट आणि काजळ त्या दिवसापुरतं टाळा, दृष्ट नंतर काढता येईल.

निघताना बाळाच्या वडिलांचं साधं पत्र जवळ असू द्या, की आई बाळाला घेऊन एकटी प्रवास करत आहे आणि माझी संमती आहे. पत्रात त्यांचा फोन नंबर आणि सोबत त्यांच्या पासपोर्टची प्रत. सगळीकडे विचारतात असं नाही, पण अमेरिकेसारख्या ठिकाणी असं पत्र जवळ ठेवण्याची शिफारस केली जाते. मुलीचं आडनाव माहेरचं आणि बाळाचं सासरचं असेल तर लग्नाचा दाखला किंवा त्याची प्रतही असू द्या.

ओटी, नारळ आणि बॅगा

आता आईसाठी. लेक निघताना तुम्ही ओटी भरणार. खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि नारळ. हा नारळ विमानात नेऊ नका. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर असतं आणि ते पेट घेतं, म्हणून विमान सुरक्षेच्या नियमांत त्याच्यावर बंदी आहे. हातातल्या पिशवीत अख्खा नारळही एरवी चालत नाही. नियम किती पक्का आहे हे यावरून समजा की शबरीमलेच्या यात्रेकरूंना इरुमुडीतला, म्हणजे पूजेच्या गाठोड्यातला नारळ हातातल्या सामानात नेता यावा म्हणून नागरी विमान सुरक्षा ब्यूरोला २०२४च्या ऑक्टोबरात वेगळी परवानगी काढावी लागली होती, आणि तीही २० जानेवारी २०२५पर्यंतचीच. तेव्हा ओटी घरी भरा, देवासमोर भरा, नारळ घरीच वाढवा आणि त्याच्या वड्या करून सगळ्यांनी खा. चिमूटभर तांदूळ रुमालाला बांधून द्या, त्याला कुणी अडवत नाही. धुरीसाठी कापूर आणि काडेपेटी बॅगेत कोंबू नका, दोन्ही पेटणाऱ्या वस्तू आहेत.

निरोपही घरीच द्या. टर्मिनलच्या दारापुढे गाडी फार वेळ उभी करू देत नाहीत. शिट्टी वाजते, मागे गाड्यांचे हॉर्न सुरू होतात, आणि त्या घाईत बाळाच्या हातात कुणी पन्नासची नोट कोंबतं, कुणी दृष्ट काढायला लागतं. त्यातच पासपोर्टची पिशवी मामाच्या गाडीत राहून जाते.

लाडवांचं बघू. अळिवाचे लाडू ओल्या नारळाचे, ते दोन-चार दिवसांत खराब होतात. द्यायचेच तर डिंकाचे किंवा मेथीचे द्या, आणि त्यातले दोन-तीन मुलीच्या हातातल्या पिशवीत वरच ठेवा. बाळाच्या नादात ती स्वतः उपाशी राहते आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला भूक आवरत नाही. साजूक तूप मोठ्या बॅगेत, झाकण टेपनं बंद करून. ऑस्ट्रेलियासारख्या देशात खाण्याच्या वस्तू उतरल्यावर जाहीर कराव्या लागतात, तिथे जाणाऱ्या मुलीला तुपाचा डबा आणि मसाल्याची पाकिटं देऊन अडचणीत टाकू नका.

मोठी बॅग एकच, चाकांची, एका हातानं ढकलली तरी सरळ जाणारी. बाळंतविड्यातली सगळी झबली, कुंच्या, दुपटी आणि आत्यानं दिलेला पाळण्यावरचा चिमणाळा एका खेपेला नेण्याची गरज नाही. देशात असाल तर खोकं भरून कुरियरनं पाठवा. बाळ चार महिन्यांत निम्म्या झबल्यांतून बाहेर पडलेलंच असतं.

हातातली पिशवी पाठीवर घ्यायची सॅक असावी. खांद्याची पर्स नको, ती बाळाच्या डोक्यावर घसरत येते. सॅकमध्ये वरच्या कप्प्यात एक छोटी पिशवी वेगळी करा, त्यात एक डायपर, थोडे ओले टिश्यू, प्लास्टिकची पिशवी आणि पातळ दुपटं. बदलायला जाताना तेवढीच काढायची, अख्खी सॅक उघडत बसायचं नाही. डायपर दर दोन-तीन तासांना एक या हिशोबानं आणि वर तीन-चार जास्त. बाळाचे दोन जोड, एक लाळेरं, एक कुंची, कारण विमानात गारठा असतो. आणि तुमच्यासाठी एक जादा कुर्ता. हा कुर्ता सगळ्या विसरतात. बाळ दूध काढतं ते नेमकं आईच्या खांद्यावर, मग दुबईपर्यंत आंबट वासात बसावं लागतं.

कपडे कुठले घालायचे हे ऐकायला क्षुल्लक वाटेल. पण विमानतळावर तुम्हाला शौचालयात जावं लागणार आणि बाळ छातीशी बांधलेलं असणार. नाडीची सलवार एका हातानं सोडून बघा. इलॅस्टिकची पँट आणि पुढून उघडणारा कुर्ता, पायात लेस नसलेल्या चपला. साडी नको, ओढणी हवी, कारण ती पाजताना आडोसा होते आणि बाळ झोपलं की पांघरूण.

बाळाला छातीशी बांधायचं कॅरिअर हीच एक वस्तू मी विकत घ्यायला सांगेन. प्रवासाच्या आधी आठवडाभर रोज ते घालून घरात, चाळीच्या गॅलरीत, खाली भाजीवाल्यापर्यंत फिरा, म्हणजे बाळाला सवय होते आणि तुम्हाला त्याचे पट्टे बघायला आरसा लागत नाही. बाबागाडी बऱ्याच कंपन्या वेगळे पैसे न घेता नेतात, काही ठिकाणी विमानाच्या दारापर्यंत नेता येते. पण एकटीला ती घडी करायची तर बाळ कुठे ठेवणार? पाच-सहा महिन्यांपर्यंत कॅरिअरवर भागत असेल तर गाडी मोठ्या सामानात टाका.

बाळाचे चांदीचे वाळे, मनगट्या, कमरेची साखळी त्या दिवशी काढून ठेवा. तपासणीत ते वाजतात, शिवाय गळ्यातला काळा गोफ झोपलेल्या बाळाला काचू शकतो. पॉवर बँक आणि दूध काढायच्या पंपाची बॅटरी मोठ्या बॅगेत टाकू नका, त्या हातातल्या सामानातच न्याव्या लागतात.

घर ते दार

आधी तिकिटावर विमानतळ आणि टर्मिनल नीट वाचा. सांताक्रूझचं टी-१ आणि सहारचं टी-२ यांत घोळ जुनाच आहे. २०२५च्या २५ डिसेंबरपासून नवी मुंबईहूनही विमानं सुटू लागली, त्यामुळे 'मुंबईचं तिकीट' म्हणून स्वस्तात घेतलेलं विमान पनवेलच्या बाजूचं निघू शकतं. लालबाग-परळवाल्यांना ते वाईट नाही, शिवडीहून अटल सेतूवर चढलं की पलीकडे. फक्त टोलचे पैसे धरा.

गिरगावातून टी-२ला जायला किनारी रस्ता आणि वांद्र्याचा सागरी सेतू सोयीचा. लालबाग-परळहून आंबेडकर रोडनं निघालात तर पावसाळ्यात पाणी तुंबणारं हिंदमाता मध्ये आहे. महापालिकेनं तिथलं पाणी साठवायला जमिनीखाली टाक्या बांधल्या, तरी जोरदार पाऊस आणि भरती एकत्र आली की भरवसा धरू नये, निघायची वेळ तासभर अलीकडे घ्या. गणपतीच्या दहा दिवसांत लालबागहून संध्याकाळचं विमान पकडायचा विचारच करू नका. अनंत चतुर्दशीला गिरगावातून तर सकाळचंही नको.

मेट्रो-३ आता कफ परेडहून निघून गिरगाव, दादर करत दोन्ही टर्मिनलखाली थांबते. सोबतच्या आजोबांना परत यायला ती उत्तम. बाळ आणि बॅग घेऊन तुम्ही टॅक्सीच करा. टॅक्सीत मागे बसा, पट्टा फक्त स्वतःला लावा, बाळाला त्या पट्ट्याच्या आत घेऊ नका. शेवटचं डायपर विमानतळाच्या जरा अलीकडे गाडीतच बदलून घ्या, आजीचे दोन हात तिथपर्यंत आहेत.

दाराच्या आत

देशातल्या विमानासाठी अडीच तास आणि परदेशासाठी साडेतीन-चार तास आधी पोचा. दाराशीच पोर्टर बघा. पैसे भरून तो मिळतो आणि बॅग काउंटरपर्यंत नेतो. टी-२ला 'प्रणाम' नावाची सोबत करणारी सेवाही आहे, दारापासून गेटपर्यंत एक माणूस सोबत असतो. ती महाग आहे, पण परदेशी निघालेल्या एकट्या बाईला नातेवाइकांनी बाळाला अंगठी देण्याऐवजी हे दिलं तर जास्त उपयोगी पडेल असं मला वाटतं.

काउंटरवर तीन गोष्टी बोला. बाळ मांडीवर आहे. शेजारची खुर्ची रिकामी राहण्यासारखी असेल तर ती माझ्या बाजूला ठेवा. आणि मोठ्या विमानात पाळणा मिळेल का. हा पाळणा पुढच्या भिंतीला अडकवतात, तो लांब पल्ल्याच्या मोठ्या विमानांतच असतो, त्याला वजनाची मर्यादा असते, आणि तो तिकीट काढतानाच मागून ठेवावा लागतो. काउंटरवरची मागणी ही आठवण म्हणून. बाहेर पडायच्या आपत्कालीन दरवाजाच्या रांगेत बाळ घेऊन बसू देत नाहीत. कधी तुमची ठरलेली जागा बदलतातही, कारण खुर्च्यांच्या एका गटावर ऑक्सिजनचा जादा मुखवटा साधारण एकच असतो आणि तिथे आधीच दुसरं तान्हं असतं. यावर वाद घालू नका.

सुरक्षा तपासणी हा एकटीसाठी सगळ्यात अवघड टप्पा. ट्रेमध्ये सॅक, फोन, कॅरिअर, कधी चपला, आणि बाळ हातात. रांगेत मागच्याला पुढे जाऊ द्या, घाई अंगावर घेऊ नका. खिसे आधीच रिकामे करा. आधी सॅक पट्ट्यावर, मग बाकीचं, बाळाला कॅरिअरमधून सगळ्यात शेवटी बाहेर काढायचं. तपासणीच्या पडद्याआड महिला जवान असते, ती बाळासकट तपासते आणि बहुतेक वेळा बाळाशी दोन शब्द बोलतेही. पलीकडे गेल्यावर उलटा क्रम, आधी बाळ कॅरिअरमध्ये, मग बाकीचं गोळा करा. तोवर तुमची सॅक ट्रेमध्येच राहू द्या.

परदेशी विमानांना हातातल्या सामानात १०० मिलिलिटरच्या वर द्रव चालत नाही, पण बाळाचं दूध, उकळलेलं पाणी आणि औषध यांना प्रवासापुरती सूट आहे. ते वेगळं काढून दाखवा आणि आधीच सांगा. वरचं दूध देत असाल तर पावडर मोजून कोरड्या डब्यांत भरा, उकळलेलं पाणी थर्मासमध्ये घ्या. विमानातल्या गरम पाण्यावर विसंबू नका, पावडरीतले जंतू मरायला पाणी सत्तर अंशांच्या वर लागतं आणि विमानातलं पाणी तेवढं गरम असेलच असं नाही. काढलेलं अंगावरचं दूध साधारण चार तास बाहेर टिकतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वेगळं पाणी नको, हवा कोरडी असली तरी. जास्त वेळा पाजलं की झालं.

तपासणीनंतर बालसंगोपन खोली गाठा. तिथे डायपर बदला, पाजा, आणि विमानात चढायच्या आधी स्वतः शौचालयात जाऊन या. खोल्या दोन्ही टर्मिनलांवर आहेत. काही ठिकाणी दारावर फक्त आईचं चित्र असतं आणि बाळाला घेऊन एकटा निघालेला बाबा बाहेर घुटमळतो. बाबांनो, दार वाजवून आत कुणी पाजत नाही ना हे विचारा आणि जा.

विमान उशिरा असेल तर शांतपणे हक्क मागा. छोट्या देशांतर्गत प्रवासाला दोन तासांहून जास्त उशीर झाला तर खाणंपिणं देणं कंपनीवर बंधनकारक आहे, आणि सहा तासांहून जास्त होणार असेल तर दुसरं विमान किंवा पैसे परत. हा नियम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा आहे.

हवेत

विमान चढताना-उतरताना हवेचा दाब बदलतो आणि कान आणि घसा जोडणारी बारीक नळी बाळाची अजून अरुंद असते, म्हणून कान दुखतात. गिळलं की ती नळी उघडते. त्यासाठी त्या वेळी पाजायचं. इतकं बहुतेकींना माहीत असतं. चूक होते ती वेळेची. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते, आणि दार बंद झाल्यावरही विमान बराच वेळ रांगेत उभं राहतं. दार बंद होताच पाजायला घेतलंत तर उड्डाणापर्यंत बाळ पोट भरून झोपलेलं असतं. विमानाचा वेग अंगाला जाणवेपर्यंत थांबा. उतरताना त्रास जास्त होतो, आणि विमान खाली यायला सुरुवात होते ती टेकायच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी, पट्टे बांधायची सूचना त्यानंतरही येऊ शकते. इंजिनाचा आवाज उतरला, पोटात हलकं वाटलं की घ्या. शांत झोपलं असेल तर उठवू नका. नाक चोंदलेलं असेल तर मात्र उठवून पाजा. सर्दी जास्त असेल, कान वाहत असेल तर आदल्या दिवशीच डॉक्टरांना दाखवा.

झोपेचं औषध, सर्दीच्या औषधाचे 'झोप येते' म्हणून दोन थेंब, प्रवासाआधी जास्तीची घुटी, यांतलं काहीही देऊ नका. मध चाटवणंही वर्षाच्या आत नकोच. बाळ रडलं तर रडेल. आजकाल सहप्रवाशांना माफीची चिठ्ठी आणि कानात घालायचे बोळे वाटायची टूम परदेशातून आली आहे. मला ती पटत नाही. माफी कसली? आपल्याकडच्या विमानांत तिसऱ्या रांगेतली कुणीतरी काकू 'दे गं इकडे' म्हणून हात पुढे करतेच. द्यावंसं वाटलं तर द्या, नाही वाटलं तर नाही म्हणा, दोन्हीत काही वावगं नाही.

विमान चढताना-उतरताना बाळ कॅरिअरमध्ये नको, हातात धरायचं असतं. आपल्या विमानांत तुमच्या पट्ट्याला अडकवायचा छोटा जादा पट्टा देतात, न दिला तर मागा. ऑक्सिजनचे मुखवटे खाली आले तर आधी स्वतःला, मग बाळाला. पाळण्यात बाळ झोपलेलं असताना विमान हलायला लागलं तर त्याला उचलून मांडीवर घ्यावं लागतं, कितीही जिवावर आलं तरी.

दोन तासांचा प्रवास असेल तर खिडकी घ्या. आडोसा मिळतो, पाजायला बरं पडतं, बाळाच्या पायाला जेवणाची गाडी लागत नाही. चार तासांच्या वर असेल तर वाटेकडची, कारण तुम्हाला उठावं लागणार. डायपर बदलायची फळी बहुतेक विमानांत शौचालयात असते, कुठल्या ते दारावरच्या चिन्हावरून कळतं. स्वतःला जायचं झालं तर हवाई सुंदरीला विचारा, त्यांना मोकळीक असली तर त्या धरतात. नसली तर शेजारणीला. तेही जमत नसेल तर कॅरिअर बांधून जा, त्यासाठी तर इलॅस्टिकची पँट होती. लांबच्या प्रवासात डोळा लागणार असं वाटलं की बाळाला मांडीवर ठेवून झोपू नका, पाळण्यात ठेवा.

उतरल्यावर

सगळ्यांना उतरू द्या. मागून सावकाश निघालात तर कॅरिअर नीट बांधता येतं आणि खुर्चीखाली लोळलेला मोजाही सापडतो. सामानाच्या पट्ट्याजवळ ट्रॉली आधी घ्या, मग बॅग येईल तिथे उभ्या राहा आणि एखाद्या तरुण पोराला सांगा, 'ती लाल बॅग तेवढी काढून दे.' कुणीही काढतो. नवरा बाहेर न्यायला येणार असेल तर त्याला कुठल्या दाराशी उभं राहायचं ते आधी ठरवून द्या, फोन धरायला हात मोकळा नसतो.

दोन दिवस बाळाची झोप उलटीपालटी होते, दूध कमी-जास्त पितं. ताप आला, कानाला सारखा हात लावून किंचाळत असेल किंवा ओले डायपर नेहमीपेक्षा कमी झाले तर वाट बघू नका, डॉक्टर गाठा. लसीकरणाचं कार्ड आणि इस्पितळाच्या डिस्चार्जचा कागद मोठ्या बॅगेत तळाशी नको, सॅकमध्येच हवा. आणि लालबागच्या घरी, जिथे फोनभोवती सगळे बसलेले असतील, तिथे एक निरोप टाका. सविस्तर बोलणं बाळ झोपल्यावर.